मोगराबाईची मागची खोली

सिस्टर मोगराबाईचा नवरा म्हणून मला अख्खा फाटा ओळखतो. तेरसिंग कुठे राहतो असं विचाराल तर लोक डोकं खाजवतील. मला त्याचं काही वाटत नाही. माझी पिकअप आहे, कपाशी, मका, केळी, मिळेल ते वाहतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असतो. असं मी म्हणतो तेव्हा मोगराबाई हसते. हसू दे. तिच्या कपड्यांवर रोज कुणाचं तरी रक्त असतं, आणि रक्त गरम पाण्यात नाही, गार पाण्यात निघतं हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकावं लागलं.

आमचा फाटा म्हणजे शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एसटी जिथून वळून परत जाते ती जागा. थोडी दुकानं, सोमवारचा बाजार आणि मिशनचा एक लहान दवाखाना. डॉक्टर बुधवारी आणि शनिवारी येतो. बाकीच्या दिवशी मोगराबाईच डॉक्टर, तीच सिस्टर आणि फरशी पुसणारी आली नाही तर तीच फरशीवाली.

लोकांना वाटतं दवाखान्यात ताप-खोकला येत असेल. येतो की. पण आमच्याकडे कुऱ्हाड लागलेला येतो, विळा लागलेला येतो, बांधावरून भावाने भावाच्या डोक्यात घातलेला दगड येतो. होळीच्या दिवसांत तर ओट्यापर्यंत रक्ताचा माग असतो. एकदा एक जण खांद्यात रुतलेल्या कोयत्यासकट मोटारसायकलवर मागे बसून आला. गाडी चालवत कोण होता, तर ज्याने कोयता मारला तोच. वाटेत दोघांची दारू उतरली होती. मोगराबाईने मारणाऱ्याच्या हातात ट्रे दिला आणि म्हणाली, "धर, आणि बघ तू काय केलंस ते." तिसऱ्या टाक्याला तो ट्रेसकट खाली पडला, मग त्याच्याही कपाळाला टाके.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते माझंच डोकं फुटलं होतं तेव्हा. तेव्हा मी सवारीची जीप चालवायचो, कुणाचा नंबर आधी यावरून भांडण झालं होतं, चूक समोरच्याची होती, आजही माझं तेच म्हणणं आहे. मी टेबलावर आडवा पडून त्याच्या सात पिढ्या उद्धारत होतो. ही एवढीशी काळीसावळी बाई सुई घेऊन आली आणि म्हणाली, "तोंड बंद ठेव, टाका वाकडा पडेल." मी ठेवलं. तिच्यापुढे ते अजून फारसं उघडत नाही.

तिचा बाप जंगलात मोहाची फुलं वेचायचा. त्याने पोरीला मिशनच्या बोर्डिंगात घातली, तिथून ती नर्सिंगला गेली. आम्ही पावरा आदिवासी, तिचं घर दोन पिढ्यांचं ख्रिस्ती, माझं नावापुरतं. ती रविवारी प्रार्थनेला जाते, मी जमलं तर जातो. पण दवाखान्यात तिला कुणी मोठ्याने प्रार्थना करताना ऐकलं नाही. "हात चालू असताना तोंड बंद," एवढाच तिचा नियम.

आणि एक मागची खोली. दवाखान्याच्या मागे आमचं घर, घराच्या मागे ती खोली. नवऱ्याने मारलेली, सासरच्यांनी हाकललेली बाई आली आणि तिला परत पाठवणं म्हणजे खाटकाकडे पाठवणं असं दिसलं, की मोगराबाई तिला त्या खोलीत ठेवते. बाईचा भाऊ नाही तर बाप येईपर्यंत. तोवर मी पिकअपमध्ये झोपतो. फाट्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. समोरची भज्यांची गाडीवाली भिकुबाई तर त्या बायकांना सकाळचा चहा द्यायची. पण बोलत कुणी नव्हतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं की बोलू नका. खोली त्या न बोलण्यावर चालली होती.

आता शीतलचं सांगतो. आमच्या पाड्यावरच्या मंडळीचे पास्टर म्हणजे बबलू आबा. नाव बबलू, वय साठीचं, लोक पाया पडायचे तेवढे बाकी. ते पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि एक नवीन कल्पना घेऊन आले. बारावी झालेल्या पोरापोरींनी महिनाभर मंडळीतल्या एखाद्या कामकरी माणसाच्या मागे सावलीसारखं राहायचं. तो काम करेल ते बघायचं, हात लावायचा नाही, आणि रोज देवाला विचारायचं, हे माझं बोलावणं आहे का? महिना संपला की रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून उत्तर द्यायचं. एक पोरगा गवंड्यामागे गेला आणि आठ दिवसांत पळाला. एक शाळेत मास्तरामागे गेला. शीतलने मोगराबाईचं नाव घेतलं.

पोरगी हुशार. चेहरा देवळातल्या घंटीसारखा लख्ख, पण तोंड तिच्याहून जास्त वाजणारं. सकाळी दवाखान्यात हात मागे बांधून उभी राहायची, संध्याकाळी आमच्या चुलीशी बसून प्रश्न विचारायची. "सिस्टर, त्या माणसाला टाके घालताना तुम्हाला राग येत नव्हता का? सिस्टर, तुम्हाला यात प्रभू कुठे दिसतो?" मी म्हणालो, "अगं, ओपीडीच्या लायनीत उभा असेल, नंबर आला की दिसेल." मोगराबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन टायरमधली हवा तपासली.

शीतलचा तिसरा आठवडा चालू होता. मंगळवारी संध्याकाळच्या एसटीतून एक पोरगी उतरली. उतरली म्हणजे कंडक्टरने उतरवली, कारण तिला पायरीवर पाय ठेवता येत नव्हता. एक कान सुजून बंद झालेला. पाठीवर पाण्याच्या मोटरीच्या पाइपाचे जांभळे पट्टे, ब्लाऊज त्यांना चिकटलेला. डावा हात मनगटापाशी असा वळलेला की मी तोंड फिरवलं. मी, ज्याने कोयता बघितलाय त्याने.

तिचं नाव पुनम. शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात दिलेली, माहेर पार बोदवडला. नवरा स्वप्नील, नरडाण्याला कंपनीत. का मारलं विचारलं तर म्हणाली, "भावाला फोन केला म्हणून." घरातून निघाली, स्टँडवर जी एसटी सुटत होती तिच्यात बसली, आणि ती एसटी आमच्या फाट्यापर्यंत येते म्हणून ती इथे आली. एवढंच. पोलिसांत चल म्हटलं तर तिने एका हाताने टेबलाची कड धरली ती सोडेना. आधी एकदा गेली होती. तिथे चार माणसांनी समजूत घालून तिला घरी पाठवलं होतं आणि घरी गेल्यावर नवऱ्याने दाराला कडी लावून तिची समजूत घातली होती. त्या वेळी बरगडी गेली. परत सापडले तर जीव घेईल, असं ती सरळ आवाजात म्हणाली, बाजारभाव सांगावा तशी.

मोगराबाईने कपडा भिजवून भिजवून पाठीपासून सोडवला. शीतल हात मागे बांधून उभी, डोळ्यांतून धारा. बुधवारी डॉक्टरने हाताला कच्चं प्लास्टर घातलं. पुनमच्या बापाला फोन लावला तर तो म्हणाला, "दिली ती मेली." भाऊ चुडामण सुरतला कामाला होता. तो म्हणाला, "मंगळवारपर्यंत सुट्टी काढून येतो, ताईला तोवर सांभाळा." म्हणजे एक आठवडा. पुनम मागच्या खोलीत, मी पिकअपमध्ये.

गुरुवारी दोन मोटारसायकलवाले आले. फाट्यावर मोबाईलमधला फोटो दाखवत फिरले. भिकुबाईला विचारलं, तिने कढईतून मान वर केली नाही. दवाखान्यात आले. मोगराबाईने फोटो नीट बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि म्हणाली, "नाही बाई. अशी कुणी आली असती तर मीच पट्टी केली असती." ते गेले. भिंतीपलीकडे पुनम खाटेखाली शिरून बसली होती.

त्या संध्याकाळी शीतल पालक निवडत होती. एकेक देठ मधोमध मोडत होती, तेव्हाच मला कळलं काहीतरी येतंय.

"सिस्टर, तुम्ही खोटं बोललात."

"बोलले."

"खोटं बोलणं पाप नाही का?"

"आहे," मोगराबाई म्हणाली. "आणि मी केलं. माझं आणि देवाचं मी बघून घेईन. तू देठं मोडू नकोस, नीट निवड."

पोरीला ते पटलं नाही. तिला मोगराबाई देवदूत हवी होती, आणि देवदूत काही चष्मा पुसून खोटं बोलत नाही. तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते आम्हाला समजायला हवं होतं. पण मोगराबाईला वाटलं, दवाखान्यात दोन आठवडे उभी राहिलेल्या पोरीला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. तिथे ती चुकली. चूक तिचीसुद्धा होती, हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय.

रविवार आला. मी केळी घेऊन चोपड्याला गेलो होतो. मोगराबाई प्रार्थनेला निघालीच होती, तेवढ्यात ट्रॅक्टरखाली पाय गेलेला एक जण आला, म्हणून ती राहिली. शीतल एकटी गेली. आमच्या मंडळीत रिवाज आहे, भजनं झाली की ज्याला देवाने काही दिलं असेल तो उठून साक्ष देतो. कुणाची म्हैस बरी झाली, कुणाचा पोरगा पास झाला. नावानिशी, गावानिशी सांगायचं, काही लपवायचं नाही, लपवलं तर देवाचं श्रेय चोरल्यासारखं. लहानपणापासून पोरं हेच ऐकतात. आणि बबलू आबांचा पोरगा दीपक मोबाईल धरून उभाच असतो.

शीतल उठली. ती काय बोलली ते मी नंतर इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. "या आठवड्यात देवाने मला दाखवलं की नर्सचं काम काय असतं. शिंदखेड्याकडची एक बहीण, नवऱ्याने हात मोडलेला, मरणाच्या दारातून आली. आमच्या मोगरा सिस्टरने तिला स्वतःच्या घरात, मागच्या खोलीत ठेवलं. जगाने तिला टाकलं, देवाने टाकलं नाही. आज सकाळी ती पहिल्यांदा हसली." सगळी मंडळी "आमेन" म्हणाली, टाळ्या पडल्या, म्हाताऱ्या रडल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण तिच्या मनात घाण नव्हती, तेवढं मला आज कळतं. तिला मोगराबाईचं ते खोटं धुऊन टाकायचं होतं.

दीपकने तो व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमधला एक जण नरडाण्याला कंपनीत आहे, त्याने भक्तिभावाने स्टेटसला ठेवला. पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

सोमवारी, भर बाजारात, एक बोलेरो दवाखान्यापुढे येऊन थांबली. पाच जण उतरले. मी तेव्हा बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कांद्याच्या गोण्या उतरवत होतो, म्हणून हे पहिलं मी शीतलकडून ऐकलेलं सांगतो.

पुढे होता तो स्वप्नील. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. माणूस बघून कुणी म्हणणार नाही. त्याने विचारलं, "मनी बायको कोठे शे?"

मोगराबाई म्हणाली, "इथे कुणाची बायको नाही."

त्याने मोबाईल काढला आणि तिच्या तोंडापुढे धरला. दवाखान्याच्या त्या लहान खोलीत शीतलचाच आवाज घुमला. शिंदखेड्याकडची एक बहीण. मागच्या खोलीत. शीतल तिथेच उभी होती, हात मागे बांधून. स्वप्नीलने स्क्रीनकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हसला.

मोगराबाई उलटी वळून पळाली. घराच्या मागच्या खोलीला लोखंडी दार आहे. तिने पुनमला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं, पण कडी फक्त बाहेरून, आतून लावता येत नाही, म्हणून ती चौकटीत हात धरून आडवी उभी राहिली. त्यांनी तिला केसांना धरून ओढलं, ती हलली नाही. एकाने तोंडात मारली, ओठ फाटला, ती हलली नाही. मग स्वप्नीलने दार पूर्ण उघडलं आणि तिचा उजवा हात चौकटीवर असतानाच दोन्ही हातांनी जोर लावून दार मिटलं. पुन्हा उघडलं आणि पुन्हा मिटलं. शीतल सांगते, पहिल्यांदा आवाज दाराचा आला, दुसऱ्यांदा हाडाचा.

भिकुबाई बाजारातून धावत माझ्याकडे आली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. "तेरसिंगभाऊ, तुम्हनी बायकोले मारी राहिनात!"

मी पिकअपमधून चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि पळालो. मी काही संत नाही आणि त्याचं सोंगही करत नाही. पहिला जो आडवा आला त्याच्या गुडघ्यावर घातली. तो गुडघा आता आयुष्यभर पावसाळा सांगेल. दुसऱ्याच्या खांद्यावर बसली. तिसऱ्याने मागून माझ्या डोक्यात काय घातलं कुणास ठाऊक, वीट असेल. मी ओट्यावर पडलो. डोळ्यांवर रक्त उतरलं आणि त्यातून मला दिसलं, स्वप्नील पुनमला प्लास्टरच्या हाताला धरून फरफटत नेत होता. ती ओरडतही नव्हती. मेलेली शेळी नेतात तशी नेत होता.

बाजार बघत होता. शंभरेक माणसं, हातात पिशव्या. नवराबायकोचं भांडण, आपण कशाला पडायचं, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. आणि त्यात त्यांच्यातला एक जण ओरडला, "आमनी पोर बाटाडाले आणी ठेयेल व्हती यासनी!" झालं. ख्रिस्ती करायला पोर ठेवली म्हटल्यावर, आमच्या बाजूने एक पाऊल टाकणार होती ती काही माणसं थांबली. दोन-चार तरणी पोरं तर त्यांच्या बाजूला सरकली. मी उठायचा प्रयत्न केला, पाय हलेनात. तेव्हा मला वाटलं, गेली ही पोरगी. हिला आता बोलेरोत घालतील आणि उद्या विहिरीत सापडेल.

भिकुबाई आपल्या गाडीपाशी पोचली होती. भज्यांची कढई उकळत होती. तिने मोठा झारा बुडवला, दोन्ही हातांनी उचलला आणि स्वप्नील गाडीपुढून जात होता तेव्हा तेल त्याच्या अंगावर भिरकावलं. मान, खांदा, दंड. तो जनावरासारखा ओरडला. चामडी भाजल्याचा वास आला, मला अजून भजी खाववत नाहीत. त्याचा हात सुटला आणि पुनम मातीत पडली.

भिकुबाई झारा धरून पुनमपुढे उभी राहिली आणि बाटवल्याचं ओरडणाऱ्या त्या माणसाला म्हणाली, "मी दर साल कानबाईना रोट करस. माले इठला बठ्ठा बाजार वयखस. ही पोर आठ दिन मना हातना चहा पी राहिनी. सांग आते, कोण बाटनं?"

कानबाई म्हणजे खानदेशातल्या हिंदू घराघरातली देवी, आणि तिचा रोट करणारीच्या हातचा चहा पिणारीला बाटली म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मग कांदेवाला पुढे आला, मग चपलावाला, मग सगळा बाजार. त्या पाच जणांना त्यांनी असं बडवलं की नंतर पोलिसांना कोण कुठला ओळखायला वेळ लागला. आधी बघत उभे होते तेच हात होते ते. माणसाचं काही खरं नसतं.

आणि या सगळ्यात माझी बायको. उजवा हात छातीशी धरलेला, बोटं कुठेही वळलेली, हाताचं रक्त कोपरातून टपकतंय. ती स्वप्नीलपाशी बसली होती. "शीतल, पाणी आण. गार. ओत याच्यावर."

शीतल जागची हलेना. "सिस्टर, आम्ही हात लावायचा नसतो."

"तुझी सावली गेली खड्ड्यात. माझा हात तुटलाय. ओत."

मी पडल्यापडल्या मोगराबाईला शिव्या दिल्या. तिला, स्वप्नीलला, बबलू आबांना, सगळ्यांना. शीतलने बादली आणली आणि ओतायला लागली, रडत, ओठ चावत. बादली संपली की मोगराबाई म्हणे, "अजून." स्वप्नील खाली पडून पाणी-पाणी करत होता आणि पोरगी त्याच्या मानेवर पाणी सोडत होती. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिने हात थांबवला नाही.

आम्हाला धुळ्याला नेलं. माझ्या डोक्याला टाके, दुसऱ्यांदा, आणि या वेळी वाकडे पडले कारण घालणारा दुसराच होता. मोगराबाईच्या हाताचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, दोन बोटं आता वाकणार नाहीत. सुई धरायची तीच दोन. तिने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा रडताना ऐकलं. आवाज नव्हता, फक्त खाट हलत होती.

व्हरांड्यात शीतल बसली होती. मी तिच्यापुढे उभा राहून म्हणालो, "तुझ्या तोंडाने माझ्या बायकोचा हात गेला. तुझं बोलावणं घे आणि घरी जा." ती घरी गेली नाही. रात्रभर पुनमच्या शेजारी फरशीवर बसून राहिली.

मंगळवारी सकाळी चुडामण सुरतेहून थेट धुळ्यालाच आला. हडकुळा पोरगा, बहिणीचं तोंड बघून त्याला भोवळ आली. पोलिसांना जबाब दिला, तक्रार झाली. तिकडच्यांनी आमच्यावरही उलट तक्रार टाकली, माझी टॉमी आणि भिकुबाईचं तेल दोन्ही त्यात आहेत. पण स्वप्नीलचा मामा वजनदार माणूस. जामीन मिळाल्याशिवाय राहणार नाही आणि तो बाहेर आला की पहिलं बोदवडला जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून पुनमला बोदवडला न्यायचं नाही असं ठरलं. चुडामणच्या ओळखीची एक जागा होती. कुठे, ते मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही.

माझ्या पिकअपने त्यांना स्टेशनला सोडायचं होतं. सोबत एक बाईमाणूस हवं, रेल्वेत बसवून, पोचल्याची खात्री करून परत येणारं. मोगराबाई खाटेवरून म्हणाली, "शीतल जाईल."

"तिला पाठवतेस?" मी म्हणालो. "त्यापेक्षा पुनमच्या गळ्यात ढोल बांध."

"शीतलच जाईल."

"का?"

"दुसरी कुणी गेली तर ती नुसतं ओझं वाहील. हिला आता ठाऊक आहे ओझ्याच्या आत काय आहे ते."

शीतल दारात होती, तिने ऐकलं. मोगराबाई तिला माफ केलं असं काही म्हणाली नाही. जवळ घेतलं नाही. फक्त म्हणाली, "तोंडावर पदर घेऊन बसव तिला, कान अजून सुजलाय, लोक बघतील." शीतल गेली, पोचवून आली. आता ठिकाण चौघांना ठाऊक, मोगराबाई, मी, चुडामण आणि शीतल.

शनिवारी स्वप्नील जामिनावर सुटला. मानेला पट्टी बांधून त्याच दिवशी बोदवडला जाऊन आला. पुनमच्या बापाला चोपलं, घर धुंडाळलं. त्याने सगळीकडे सांगून ठेवलं होतं की सापडली की सोडत नाही. आणि रविवारी शीतलच्या महिन्याचा शेवट होता. मंडळीपुढे उभं राहायचा दिवस.

मी मोगराबाईला म्हणालो, तिला सांग ना, काय बोलायचं नाही ते. ती म्हणाली, "नाही सांगणार." मी म्हणालो, मग मी सांगतो. ती म्हणाली, "तू गप्प बसशील." त्या रविवारी मी कधी नव्हे ते प्रार्थनेला पहिल्या ओळीत जाऊन बसलो, दीपकच्या शेजारी. त्याने मोबाईल वर केला तर हिसकून दगडावर आपटायचा असं ठरवून.

पण मंडळी खचाखच भरली होती आणि दीपक एकटा नव्हता. मागे चार-पाच मोबाईल वर होते. सगळ्यांनी बातमी ऐकली होती. नवे चेहरेही होते, कोण कुठले कुणाला ठाऊक. मी एकटा किती हिसकावणार?

भजनं झाली. बबलू आबा उठले. ते वाईट माणूस नाहीत, पण तोंडात मध घेऊन बोलतात. म्हणाले, "आपली शीतल आज आपलं बोलावणं सांगणार. देवाने तिच्यासमोर मोठं काम केलं. एका बहिणीला सिंहाच्या तोंडातून काढलं. ये बेटा."

शीतल उभी राहिली. आठवड्यात अर्धी झाली होती. म्हणाली, "मी नर्सिंगला जाणार. फॉर्म भरलाय." आणि खाली बसायला लागली.

"अगं, थांब," आबा म्हणाले. "साक्ष अशी अर्धी देतात का? ती बहीण आता सुखरूप आहे ना? कुठे आहे ते सांग, म्हणजे सगळी मंडळी तिच्यासाठी नावानिशी प्रार्थना करेल. देवाचं काम लपवायचं नसतं, बेटा."

मागचे मोबाईल अजून वर गेले. मी पुढे वाकलो. शीतलने एकदा बायकांच्या बाजूला बघितलं. तिथे मोगराबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याकडे न बघता, जमिनीकडे बघत. मग पोरीने आबांकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"कोणती बहीण, आबा?" ती म्हणाली. "माझ्यासमोर कुणी बहीण आली नव्हती."

मागचे मोबाईल तसेच वर राहिले. आबांचं तोंड उघडंच राहिलं. सगळ्यांनी मागच्या रविवारी तिच्याच तोंडून ऐकलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं ती खोटं बोलतेय, देवाच्या घरात, उभं राहून, साक्षीच्या वेळेला. तिलाही ठाऊक होतं. ती तशीच उभी राहिली.

बायकांच्या बाजूने मोगराबाई म्हणाली, "आमेन."